यादी खालून वाचावी

आपल्याकडे बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला, की घरोघरी एक कागद तयार होऊ लागतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज, दुसऱ्या पसंतीचे, तिसऱ्या पसंतीचे. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी काय भरले होते, कट-ऑफ कुठे थांबला होता, याच्या चर्चा रात्री अकरा-अकरापर्यंत चालतात. पण एकदा का तो ऑप्शन फॉर्म भरून टाकला, की पुढचे काम यंत्र करते. गुण, आरक्षण आणि पसंतीक्रम यांची चाळणी लागते आणि पोराचे नाव कुठे तरी लागते. या पद्धतीला आपण पुष्कळ नावे ठेवतो, आणि ती नावे ठेवण्याजोगी आहेही. पण ती मुलाला ‘तू कोण, तुला कशाची ओढ आहे आणि तुझ्या बापाची ऐपत किती’ असे विचारत नाही. अमेरिकेतली पद्धत नेमके हे तीन प्रश्न विचारते, आणि वर आपल्या उत्तराचे कारण कधीच सांगत नाही.

हे मला कळले ते २०२४ च्या शरद ऋतूत. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने मी न्यू जर्सीत धाकट्या बहिणीकडे होतो. भाची शाळेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला होती. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग लॅपटॉप आणि माहितीपत्रकांनी व्यापलेला, उरलेल्या अर्ध्यावर आम्ही चौघे जेवत होतो. मेहुण्यांनी एक तक्ता केला होता. त्यात एकोणीस विद्यापीठांची नावे होती. एकोणीसच का, तर तिकडे ‘कॉमन अॅप्लिकेशन’ नावाचा जो सामायिक अर्ज आहे, त्यावर वीसच नावे घालता येतात आणि एक जागा मेहुण्यांनी ऐनवेळच्या अकलेसाठी राखून ठेवली होती. बहीण पहिल्याच रात्री म्हणाली, “दादा, तू इतकी वर्षं कॉलेजात अॅडमिशन कमिटीवर होतास. तू तरी ह्यांना सांग काही.” मी काय सांगणार? आमच्या कमिटीचे काम गुणपत्रिका तपासणे आणि आमदारांच्या चिठ्ठ्या कुठे ठेवल्या ते विसरून जाणे, एवढेच होते. पण मोकळा वेळ होता, आणि मुलगी लाडकी. मी तो तक्ता घेऊन बसलो.

तक्त्याचा पहिला रकाना होता क्रमांकाचा. ‘यूएस न्यूज’ नावाचे साप्ताहिक १९८३ सालापासून विद्यापीठांची क्रमवारी लावत आले आहे. साप्ताहिक छापील स्वरूपात कधीच संपले, क्रमवारी मात्र उरली. मेहुण्यांचा तिच्यावर फार विश्वास. त्यांचाच काय, एडिसनपासून औंधपर्यंतच्या यच्चयावत पालकांचा आहे. म्हणून या क्रमवारीतल्या दोन गोष्टी मी त्यांना वाचून दाखवल्या. पहिली कोलंबिया विद्यापीठाची. हे विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावर असताना तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, २०२२ मध्ये आपल्या संस्थेने पुरवलेले आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत असे जाहीरपणे लिहिले. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्यावरून अठराव्यावर आले. दुसरी गोष्ट २०२३ ची. त्या वर्षी गुण देण्याची रीत बदलली, वर्ग किती लहान आहेत वगैरे मुद्दे काढून टाकले. लगेच वेक फॉरेस्ट २९ वरून ४७ वर आणि टुलेन ४४ वरून ७३ वर गेले. त्या रात्रीत वेक फॉरेस्टची एक वीट हलली नव्हती, एकही प्राध्यापक नोकरी सोडून गेला नव्हता. बदलला होता तो फक्त हिशेब. शिवाय वर्ग लहान असणे हाच तर मध्यम आकाराच्या विद्यापीठाचा मोठा गुण! तो मोजायचाच नाही असे ठरवल्यावर ती खाली येणार, दुसरे काय होणार?

मेहुणे म्हणाले, “ते ठीक आहे, पण लोक तर क्रमांकच बघतात.” हे खरे आहे, आणि या खरेपणाला माझ्याजवळ उत्तर नाही. इंडियात गेल्यावर कुणी विचारले ‘मुलगी कुठे असते’ आणि नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कोराच राहिला, तर काय करायचे, अशी ती चिंता होती. मी म्हटले, तो चेहरा दोन मिनिटे कोरा राहील, हिला तिथे चार वर्षे काढायची आहेत.

आता मध्यम आकार म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळी यादी त्याच्यावर उभी होती. भाचीने आधीच्या वर्षी दोन टोके पाहिली होती. एक घराजवळचे रटगर्स हे सरकारी विद्यापीठ. तिथे न्यू ब्रन्सविकच्या आवारातच पदवीचे विद्यार्थी तीस हजारांच्या वर, आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला बस. दुसरे टोक म्हणजे दोन हजारांच्या आतले छोटे निवासी कॉलेज. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ते तिला तिसऱ्या दिवशीच नको झाले असते असे तिचे म्हणणे. तिला यांच्या मधले हवे होते. तिकडच्या कार्नेगी वर्गीकरणात तीन हजार ते दहा हजार विद्यार्थ्यांची संस्था मध्यम धरतात. टफ्ट्स, ब्रँडाइस, रॉचेस्टर, केस वेस्टर्न रिझर्व्ह, एमरी, व्हँडरबिल्ट, राइस ही खाजगी विद्यापीठे, पदवीच्या विद्यार्थ्यांपुरते पाहिले तर, साधारण याच मापाची. पण नुसत्या आकड्यावर जाण्यात फसगत आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये पदवीचे विद्यार्थी सहा हजारांच्या आतबाहेर आणि एकूण विद्यार्थी त्याच्या चौपटीहून जास्त. तिथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला प्रयोगशाळा मोठी मिळेल, पण ती प्रयोगशाळा तिच्यासाठी बांधलेली नसेल. ब्रँडाइस सगळे मिळून लहान. तिथे प्राध्यापक नावाने हाक मारील, पण एखाद्या विषयाला शिक्षकच तीन असतील आणि त्यातला एक रजेवर असेल. मध्यम म्हटले की मध्यम, असे नसते.

आणि तिचा विषय तसाच आडवळणाचा. माझी आई सांगलीला असते. २०२१ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. नातवंडांची नावे, पाणी, चहा, काही म्हणता काही तिला सांगता येईना. पण संध्याकाळी कुणी हरिपाठ सुरू केला, की ती शब्द न् शब्द म्हणायची. भाचीने हे व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, की आजीचे बोलणे गेले आणि म्हणणे कसे राहिले? डॉक्टरांनी सांगितलेले नाव तिने शोधून काढले, पुस्तके आणली. भाषा आणि मेंदू या दोहोंच्या मधले काही तरी तिला शिकायचे होते. मेहुण्यांना वाटत होते, आधी कॉम्प्युटर सायन्स घेऊ दे, मग बघू. बाप म्हणून त्यांचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही.

हा विषय हाती धरून मी एकोणीस नावांकडे पाहू लागलो, आणि तक्ता आपोआप बोलू लागला. रॉचेस्टरला ‘ब्रेन अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस’ नावाचा स्वतंत्र विभागच आहे, भाषाशास्त्राचा आहे, आणि खुणांच्या भाषेत पदवी घेता येते. हॉपकिन्सला बोधविज्ञानाचा विभाग आहे, केस वेस्टर्नला आहे, राइसला भाषाशास्त्राचा जुना विभाग आहे. टफ्ट्सला तर डॅनियल डेनेट होते. ते २०२४ च्या एप्रिलमध्ये वारले. भाषेवर लिहिणारे रे जॅकेन्डॉफ आधी तीस-एक वर्षे ब्रँडाइसला होते, २००५ मध्ये ते टफ्ट्सला गेले. दोन्ही गावे एकमेकांपासून जेमतेम दहा मैलांवर, पण ब्रँडाइसच्या मुलांसाठी ते गेलेच. माणसाच्या नावावर विद्यापीठ निवडू नये ते यासाठी. त्यापेक्षा येत्या सत्रात खरोखर कोणते वर्ग भरणार आहेत, ते वेळापत्रक उघडून मोजावे. माहितीपत्रकात जे विषय असतात ते सगळे दर वर्षी शिकवले जातात असे नाही. आपल्या हॉटेलातल्या मेनूकार्डासारखेच ते असते. आम्ही तीन रात्री बसून मोजणी केली. एकोणीसपैकी सहा नावे त्यातच गळाली. त्यातली दोन मेहुण्यांच्या तक्त्यात वरच्या पाचात होती. ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी ती खोडली नाहीत, करडी केली.

आता ‘निवडक’ या शब्दाविषयी. शंभर अर्जांतले किती घेतले, या टक्केवारीला तिकडे फार मान आहे. राइस शंभरात सात-आठांना घेते, टफ्ट्स दहाच्या आसपास, तर रॉचेस्टर, केस आणि ब्रँडाइस साधारण तिघांतल्या एकाला. यावरून राइस चौपट चांगले असे कुणालाही वाटेल. पण ही टक्केवारी भागाकार आहे, आणि भागाकाराचा भाजक फुगवता येतो. १९७५ मध्ये पंधरा खाजगी कॉलेजांनी मिळून कॉमन अॅप सुरू केले, आज त्यात हजाराहून अधिक संस्था आहेत. एकदा भरलेला अर्ज, दोन-चार जादा निबंध आणि साठ-सत्तर-ऐंशी डॉलर, की आणखी एक अर्ज तयार. मुले चार अर्ज करीत तिथे पंधरा करू लागली. जागा तेवढ्याच राहिल्या. साहजिकच टक्केवारी घसरली आणि ती घसरली म्हणून पुढच्या वर्षी मुले घाबरून आणखी अर्ज करू लागली.

विद्यापीठांचीही यात एक धास्ती असते. ज्याला आपण जागा दिली, तो येईल का? हुशार मुलाने आपल्याला फक्त मागचे दार म्हणून ठेवले असेल, तर त्याला नकारच दिलेला बरा, असा व्यवहार मध्यम आकाराची विद्यापीठे करतात असा प्रवाद आहे. त्याला तिकडे ‘टफ्ट्स सिंड्रोम’ असेच नाव पडले आहे. टफ्ट्सवर हे नाव चिकटले हा कदाचित अन्याय असेल. पण ‘तुमचा आमच्यात रस किती’ हे काही संस्था मोजतात, ही ऐकीव गोष्ट नाही, छापलेली आहे. बहुतेक विद्यापीठे दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक लांबलचक, कंटाळवाणा फॉर्म भरून जाहीर करतात. त्यात सी-सात नावाचा एक तक्ता असतो. प्रवेश देताना गुण, निबंध, शिफारसपत्रे, पालक त्याच विद्यापीठाचे असणे, विद्यार्थ्याने दाखवलेला रस यांना किती वजन देतो, ते तिथे फुल्या मारून सांगितलेले असते. पुढे एच विभागात आर्थिक मदतीचे आकडे आणि आय विभागात वर्ग किती मुलांचे ते. रंगीत माहितीपत्रकांपेक्षा हा फॉर्म वाचायला मला जास्त मजा आली. शेकडो डॉलर घेऊन सल्ला देणारी माणसे जे सांगतात, त्यातले निम्मे या फॉर्मात फुकट आहे.

खरे भांडण पेटले ते मात्र पैशावरून आणि ‘अर्ली डिसिजन’वरून. अर्ली डिसिजन म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच विद्यापीठाला लिहून द्यायचे, की घेतलेत तर मी येणारच, बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. त्या कागदावर मुलीची, पालकांची आणि शाळेतल्या समुपदेशकाची अशा तीन सह्या असतात. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. आपल्याकडे कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, की ती गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो, तसेच काहीसे. फरक इतकाच, की आपल्याला फी किती ते आधी माहीत असते.

मेहुण्यांचे म्हणणे असे, की अर्ली डिसिजनमध्ये घेण्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट असते, काही विद्यापीठे निम्म्याहून अधिक जागा त्यातूनच भरतात, तेव्हा हुकमी पत्ता टाकायचा तो इथेच. आकडे खोटे नव्हते. पण त्या गर्दीत कोण असते ते पाहावे लागते. खेळाडू म्हणून आधीच हेरून ठेवलेली मुले त्यात असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात. (हॉपकिन्सने ही वारसाहक्काची सवलत बंद केल्याचे २०२० मध्ये जाहीर केले, बऱ्याच जणांनी ती अजून जपून ठेवली आहे.) ती वजा केली की माझ्या भाचीसारखीला मिळणारा फायदा उरतो, पण दिसतो तेवढा नाही.

आणि किंमत? तेव्हा या खाजगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा छापील खर्च नव्वद हजार डॉलरच्या आसपास होता. चार वर्षांचे गणित वाचकांनीच करावे. छापील किंमत सगळेच देत नाहीत हेही खरे. उत्पन्न कमी असेल तर मदत मिळते. राइसने २०१८ मध्येच जाहीर केले, की एक लाख तीस हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांकडून शिकवणीची फी घेणार नाही. व्हँडरबिल्टने तर २००९ पासून मदतीतले कर्ज काढून टाकून तिथे अनुदान ठेवले. पण माझी बहीण-मेहुणे, दोघेही नोकरी करणारे, बरोबर त्या रेषेच्या वर येतात. श्रीमंत म्हणावे तर घराचे हप्ते चालू, गरीब म्हणावे तर पगार मोठे. त्यात मेहुण्यांच्या कंपनीत दोनदा माणसे कमी केली होती आणि ते बावन्न वर्षांचे होते. हे ते मुलीसमोर बोलत नसत. रात्री मला खाली गॅरेजपाशी नेऊन बोलत.

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपल्याला नेमका किती खर्च पडेल याचा अंदाज देणारे गणकयंत्र असते. २०११ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकन सरकारने ते सक्तीचे केले आहे. बहिणीने आणि मी मेहुण्यांच्या नकळत एका दुपारी ते तेरा वेळा भरले. एकाच कुटुंबाचे तेच आकडे, आणि उत्तरे मात्र तेरा. काही विद्यापीठे राहत्या घराची किंमत जमेस धरतात, काही धरत नाहीत; काही गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात, काही फक्त गरजेवर. टफ्ट्ससारखे ठिकाण गुणवत्तेवर जवळजवळ काहीच देत नाही. केस आणि रॉचेस्टर देतात. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या उत्तरात वर्षाला बत्तीस हजार डॉलरचा फरक निघाला. रटगर्स, राज्यातले रहिवासी म्हणून, छापील खर्चाच्या निम्म्याहूनही स्वस्त.

या मदतीच्या हिशेबाविषयी एक गोष्ट जाता जाता. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सोळा-सतरा नामांकित खाजगी विद्यापीठांवर दावा लागला, की तुम्ही आपसांत ठरवून मदत कमी देत आलात. त्यातल्या व्हँडरबिल्टने साडेपाच कोटी डॉलर आणि एमरीने एक कोटी पंच्याऐंशी लाख डॉलर देऊन २०२४ मध्ये तडजोड केली. दोष कबूल केला नाही. पण सोन्याचे दुकान कितीही नामांकित असले तरी वजनकाटा आपण पाहावा, एवढे त्यातून घेता येते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मेहुण्यांनी अर्ली डिसिजनचा कागद टेबलावर ठेवला. विद्यापीठ उत्तम होते, मुलीलाही आवडले होते. सरकारी मदतीचा अर्ज त्या वर्षी सर्वांसाठी खुला झाला तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. सही मात्र एक तारखेच्या आत. बहीण म्हणाली, “मी सही करणार नाही.” एवढेच. मेहुणे म्हणाले, “मग तिने आयुष्यभर रटगर्सच करायचं का?” भाची वर निघून गेली. मला मत विचारले गेले आणि मी ते दिले. ज्यांना नव्वद हजारही चालतात आणि साठही चालतात, त्यांच्यासाठी अर्ली डिसिजन ही सोयीची पद्धत आहे. ज्यांना चालत नाहीत, त्यांनी इतरांचे भाव पाहण्याचा एकमेव हक्क त्या कागदावर सही करून सोडून द्यायचा असतो. मदत पुरेशी नसेल तर करारातून सुटता येते, असे नियम सांगतात. पण ‘पुरेशी’ म्हणजे काय हे आधी विद्यापीठाचे गणकयंत्र ठरवते आणि मग तुम्हाला डिसेंबरात, बाकीच्या अर्जांना पंधरा दिवस उरलेले असताना, बाजारात परत उभे राहावे लागते. शिवाय सतरा वर्षांच्या मुलीला ‘तू निवडलेले आम्हाला परवडत नाही’ हे निवड होऊन आल्यावर सांगायचे. त्यापेक्षा आत्ता सांगणे कमी क्रूर आहे. मेहुण्यांना माझे बोलणे आवडले नाही. दोन दिवस ते माझ्याशी फक्त हवामानाविषयी बोलले.

त्याआधी आम्ही दोन सहली केल्या होत्या. पहिली बॉस्टनकडे. ब्रँडाइसची गोष्ट मला आधीपासून भावलेली. बड्या विद्यापीठांतून ज्यू मुलांना मोजूनमापून प्रवेश मिळे, त्या काळात, १९४८ मध्ये, ज्यू समाजाने वर्गणी काढून हे विद्यापीठ उभारले आणि ते सर्वांना खुले ठेवले. आणि २०१९ च्या डिसेंबरात आपल्या भेदभावविरोधी नियमांत ‘जात’ हा शब्द घालणारे ते अमेरिकेतले पहिले विद्यापीठ ठरले. ज्या देशात १९१३ मध्ये बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब शिकायला गेले, त्या देशात हा शब्द नियमांत यायला शंभरावर वर्षे लागली, हे वॉल्थमच्या त्या टेकडीवर उभे असताना मनात आलेच. पण मन भरून आले म्हणून अर्ज करता येत नाही. त्याच वर्षी तिथे पैशाची ओढाताण चालली होती, नोकरकपात झाली होती, आणि आम्ही जाण्याच्या थोडेच आधी प्राध्यापकांनी अविश्वास दाखवल्यावर अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला होता. गंगाजळी लहान असलेल्या मध्यम विद्यापीठाला झटका लवकर बसतो, आणि कात्री आधी लागते ती कमी मुलांच्या विषयांना. यादीत नाव ठेवले, पण त्यापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.

दुसरी सहल रॉचेस्टरची. थंडी सुरू झाली होती. कोडॅकच्या ईस्टमनचे हे गाव. कोडॅकचे वैभव गेले, विद्यापीठ आणि संगीतशाळा राहिली. इथे सक्तीचे विषय जवळपास नाहीतच. लेखनाचा एक अभ्यासक्रम करायचा, आपला मुख्य विषय घ्यायचा, आणि उरलेल्या दोन ज्ञानशाखांतून तीन-तीन विषयांचा एकेक जुडगा निवडायचा. उलटे चालत माहिती देणाऱ्या विद्यार्थी-मार्गदर्शकांचे भाषण सगळीकडे सारखेच असते, ते मी ऐकत नाही. मी कँटीनमध्ये बसलो आणि शेजारच्या मुलाला विचारले, की इथे तुला काय आवडत नाही? तो म्हणाला, “बर्फ. आणि शनिवार.” शनिवारी गावात काही नसते म्हणे. भाची मात्र दुसऱ्याच गोष्टीत होती. गावातल्या कॉफीच्या दुकानात पलीकडच्या टेबलावर चौघे जण हातांनी बोलत होते, जोरजोरात, हसत. बहिऱ्यांसाठीची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था याच गावात असल्याने रॉचेस्टरमध्ये खुणांची भाषा रस्त्यावर दिसते. ती अर्धा तास कॉफी न पिता पाहत बसली. परतताना गाडीत तिने विचारले, “मामा, हातांनी बोलणाऱ्या माणसाला आजीसारखं झालं, तर त्याचं काय जाईल?” मेहुणे गाडी चालवत होते. त्यांनी आरशातून मुलीकडे पाहिले.

यादी शेवटी नऊ नावांची झाली. ती आम्ही खालून बांधली. तिकडचे समुपदेशकही तीन पायऱ्या सांगतातच, हमखास, शक्य आणि अवघड. पण घरोघरी वरच्या पायरीवर चार महिने जातात आणि खालची पायरी शेवटच्या रात्री उरकतात. आमच्या यादीत सर्वात खाली रटगर्स होते. तिथले भाषाशास्त्र चांगले आहे, हे तोवर घरात कुणी पाहिलेच नव्हते! ज्या जागी प्रवेश जवळजवळ नक्की, पैसे नक्की परवडतील आणि जिथे मुलगी रडत जाणार नाही, असे एक नाव आधी पक्के झाले की वरच्या आठांकडे पाहताना हात थरथरत नाही.

इथल्या पालकांसाठी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण आता पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातूनही बारावीनंतर थेट तिकडे जाणारी मुले दिसतात. माझी भाची अमेरिकेची नागरिक. आपल्या मुलाला ते नियम लागू नाहीत. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी आणि मग गरज पूर्ण भागवणारी विद्यापीठे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अशी. वर सांगितलेल्या मध्यम विद्यापीठांत परदेशी अर्जदाराने मदत मागितली, की ती मागणी निर्णयात धरली जाते. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीसाठी नाही. म्हणजे उरतो तो वर्षाला पाऊण कोटीच्या वरचा हिशेब, आणि तोही डॉलर आहे तिथेच थांबेल असे धरून. सल्लागार मंडळी यादी करून देतात. त्यांना एकच विचारावे, की या यादीतल्या कोणत्या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळते? गप्प बसले तर उठावे.

निकाल २०२५ च्या मार्चअखेर आले. तोवर मी पुण्यात परतलो होतो. नऊपैकी चार नकार, दोन ठिकाणी प्रतीक्षायादी, तीन होकार. ज्याच्यासाठी अर्ली डिसिजनचा कागद टेबलावर आला होता, त्यांनी प्रतीक्षायादीत ठेवले. मेहुण्यांचा फोन आला तेव्हा मला वाटले, ते ऐकवणार की सही केली असती तर मिळाले असते. कदाचित मिळालेही असते. मी ते त्यांना कबूल केले. ते म्हणाले, “नाही दादा, मी वेगळ्यासाठी फोन केलाय. रॉचेस्टरने शिष्यवृत्ती दिली आहे. ती धरून घरापासूनचा खर्च काढलाय, एकदा बघता का?” त्यांनी तक्ता पाठवला. पहिला रकाना आता खर्चाचा होता. क्रमांकाचाही होता, पण शेवटी, करड्या रंगात.

ऑगस्टमध्ये ती तिकडे गेली. मधे एकदा तिने सांगलीला फोन करून मामीकडून आजीचा हरिपाठ पुन्हा रेकॉर्ड करून मागवला. पहिल्या वेळी मागे मिक्सर चालू होता म्हणे.